करंडीवरचं तारापूर

मुंबईला जाणाऱ्या आमच्या मिरच्यांच्या करंड्यांना वरून गोणपाट शिवलेलं असायचं. त्यावर मी लाल रंगाने ‘तारापूर’ लिहायची. त्या नावावर माल उचलला जायचा. मग गावाजवळ अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि दलालाने बाबांना विचारलं, “ते अणूचं मिरच्यांत उतरणार नाही ना?”

अजून भिंतीसुद्धा उभ्या नव्हत्या! मी चिडले. पण बाबांचं जेवणातलं लक्षच उडालं.

“आता बोईसर लिव,” ते म्हणाले. “इचारलं तर आमी काय सांगणार?”

मी धुसफुसत आमच्या जवळच्या स्टेशनाचं ते नाव लिहिलं.

त्याच उन्हाळ्यात मासवणच्या एका लग्नात कुणा बाईने मला न्याहाळत आईला विचारलं, “मुलगी कुठली?”

आईने बाबांकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, “बोईसरची.”