शोभेची केस

डॉक्टरनं पेनाच्या टोकानं माझा पदर बाजूला सारला. हातात मोजे होते त्याच्या. तरी पेनच.

हे मला ओळखीचं होतं. गावात जिच्या रानात राबायचो ती मालकीण आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, तसंच.

नांदेडातला मोठा दवाखाना. सरकारी योजनेतून तिथं फुकट ऑपरेशनं होतात असं ऐकून मी अन् माय हदगावहून एसटीनं गेलो होतो. डॉक्टरभोवती शिकाऊ पोरंपोरी उभी.

"बघा," तो त्यांना म्हणला, "गालाची कातडी आखडलीय, त्यानं खालची पापणी ओढली गेलीय. पण ही शोभेची केस. योजनेत बसत नाही." मग माझ्याकडं न बघताच, "बाई, सरकार जीव वाचवायला पैसे देतं, सुंदर दिसायला नाही. तुला काय आता पुन्हा लग्न करायचंय?"

पोरं हसली.

माय पण हसली. भिऊन. साहेब हसले की आपण हसायचं, जन्मभर तिनं तेवढंच केलेलं.

मी पदर ओढून घेतला. बाहेर आलो तर माय म्हणली, "चल बाई. आपल्यासाठी नसतंय हे."

माझा चेहरा देवानं असा केला नव्हता. मालकाच्या मळणीयंत्रानं केला. सोयाबीनची रास चालली होती. यंत्राच्या पट्ट्यावर झाकण असतं, ते तुटून पडलं होतं. आम्ही बायांनी सांगितलं होतं मालकाला. "सुगी होऊ दे, मग बघू," म्हणला. वारा सुटला, माझ्या डोक्याचा रुमाल पट्ट्यात गेला, अन् रुमालामागं मी. शुद्धीवर आले तेव्हा मालकाचा आवाज पहिला ऐकला. "पदर आवरायची अक्कल नव्हती का हिला?"

जखम भरली, पण चेहरा एका बाजूला गोळा झाला. डावा डोळा मिटेना. झोपले तरी उघडाच. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, तो परत आलाच न्हाई. वाणी म्हणायचा, "सकाळच्या पारी दुकानापुढं थांबत जाऊ नको बाई, बोहनी व्हायची असती." मी पदर अजून खाली ओढला. शेवटी त्या पदरातून एक उजवा डोळाच तेवढा बाहेर राहिला.

नांदेडच्या दवाखान्यात त्या शिकाऊ पोरींमधली एक हसली नव्हती. ती आमच्या मागं जिन्यापर्यंत धावत आली. म्हणली, "ताई, ऐका. हे शोभेचं नाहीये. डोळा मिटत नाही म्हणून बुबुळ वाळून राहिलंय. पापणी सोडवली नाही तर डोळा जाईल. थांबू नका." एवढं बोलली अन् मागं वळून बघत निघून गेली. ती पण भीतच होती कुणाला तरी.

तिचं बोलणं माझ्या अंगात बसलं. रोज उठले की उजवा डोळा हातानं झाकायचे अन् डाव्यानं दारातला लिंब बघायचे. आधी पानं दिसायची. मग नुसतं हिरवं. मग हिरवं अन् पांढरं एकात एक कालवल्यासारखं. आत कुणीतरी वाळू टाकून राहिलंय असं वाटायचं. मायला सांगितलं की ती दुसरीकडं बघायची.

लातूरला मावशी राहते. ती म्हणली, हितल्या एका खासगी दवाखान्यात तीच योजना चालते, ये. मी गेले. माय आली न्हाई.

खिडकीवरच्या माणसानं नांदेडचा कागद बघून "ही तर शोभेची केस" म्हणलं, तरी मी बाकावर बसले. शेजारी एक बाई, तिच्यापलीकडं तिची पोरगी, नाकावर पट्टी. बाईनं मला विचारलं, "तुझं काय गं?"

आवाजावरून ओळखलं. मालकीण. पदरामुळं तिनं मला ओळखलं न्हाई.

"डोळ्याचं," मी म्हणले.

"आमचं नाकाचं. लग्न ठरलंय ना तिचं. नाक जरा बसकं होतं, पाहुण्यांनी बोलून दाखवलं." मग खाली वाकून, हसत, "मालकांची ओळख हाय हितं. श्वास लागतो म्हणून सांगितलं, योजनेत बसवून दिलं सगळं."

मी त्या पोरीच्या नाकावरच्या पट्टीकडं बघितलं.

मग मी पदर काढला. डोक्यावरचा पण. सगळा चेहरा उजेडात.

मालकीण मागं सरकली. ओळखलं तिनं. बोलली काय? "झाक गं, झाक. पोरगी भिईल माझी."

"भिऊ द्या," मी म्हणले. "तुमच्याच यंत्राचं काम हाय."

पोरगी रडायला लागली. बाकावरची माणसं बघत होती. मी त्या सगळ्यांना बघू दिलं. मग तशीच उघड्या तोंडानं योजनेच्या साहेबाच्या खोलीत घुसले.

"साहेब, तिचं नाक म्हणजे श्वास अन् माझा डोळा म्हणजे शोभा?"

"आधी तोंड झाका," साहेब म्हणला.

"झाकणार न्हाई."

शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. त्याच्यानंतर पण. मावशी संगं यायला लागली. तिच्या गल्लीतल्या बाया यायला लागल्या. आम्ही दारात बसायचो, माझा चेहरा उघडा. शेवटी वरून कुणीतरी तपासायला आला, अन् मला आत बोलावलं.

तोवर डोळ्यात फूल पडून ते सडलं होतं. पू यायचा. डोकं ठणकायचं.

नव्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. म्हणला, "डोळा काढावा लागेल, नाहीतर विष पसरेल." अन् मग, चांगली बातमी सांगावी तसं, "काळजी करू नका. हे आता योजनेत बसतं."

वाचवायचा होता तोवर बसत नव्हतं. काढायचा झाला तेव्हा बसलं.

डोळा काढला. माय आली होती. भूल उतरल्यावर तिनं सवयीनं माझ्या तोंडावर पदर ओढला. मी तिचा हात धरून खाली ठेवला.

आता मी लातूरलाच राहते. बिलोलीकडची एक पोर हाय, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली. तिची पापणी पण ओढली गेलीय. तिला पण तेच सांगून घालवलंय, शोभेचं म्हणून. सोमवारी मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात जाणार हाय. आम्ही उघड्या तोंडानं आत जाऊ, खुर्चीवर बसू. साहेबानं बाहेर जा म्हणलं तरी उठणार न्हाई.

तिला अजून दिसतंय. तिचा डोळा मी जाऊ देणार न्हाई.