एकवीस थेंब

आमच्या घरी घड्याळ नव्हतं. घर दरेकशाच्या स्टेशनाजवळ, म्हणून वेळ आम्ही रेल्वेकडून घ्यायचो. सकाळची पॅसेंजर गेली की आई धानाच्या रोवण्याला निघायची. संध्याकाळची आली की बाबा जंगलातल्या मजुरीवरून परतायचे. गाडी दोन तास लेट, तर आमचं अख्खं घर दोन तास लेट. शेतमालकाला हे सांगून उपयोग नसायचा. बांध्यांत बाकीच्या बाया आधीच कामाला वाकलेल्या दिसल्या की तो आईला बांधावरूनच परत पाठवायचा. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला पेज.

पेजेच्या दिवशी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, मागच्या दारानं भाताचं गंज, म्हणजे पातेलं, सरकवायची. मोठेबाबांना, म्हणजे नवऱ्याला, कळू न देता. ते आमच्या समाजातले मोठे माणूस. जयंतीला विहारासमोर शिक्षणावर सगळ्यात लांब भाषण त्यांचं. नव्व्याण्णव साली मी दहावीत होते, तेव्हाही तासभर बोलले. दोन वर्षांनी मी बी.एस्सी. नर्सिंगला लागते आहे असं कळल्यावर तेच बाबांना म्हणाले, "पोट्टीले कायले पाठवतस रे? लोकाईची घाण काढाले? तेवढ्यासाठी कालेज लागते का?"

बाबा आयुष्यात मोठ्या भावाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी ते सरळ गोंदियाला गेले आणि घड्याळ घेऊन आले. कॉलेजनं पाठवलेल्या यादीत लिहिलं होतं, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ. दुकानदार म्हणाला, "लेडीज में सेकंड का काँटा नहीं है, दादा. जेन्ट्स ले जाओ." म्हणून नागपूरच्या होस्टेलमध्ये मी वाटीएवढं मर्दानी घड्याळ घालून हिंडत होते. मुली हसायच्या. हसू दे. आमच्या घराण्यातलं ते पहिलं घड्याळ होतं आणि ते माझ्या हातावर होतं.

सलाईनचं गणित आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. किती मिलिलिटर द्यायचं, गुणिले एका मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात, भागिले किती मिनिटांत द्यायचं. पाचवीच्या पोराला जमेल असं गणित. पहिल्या परीक्षेत मी चुकले. साध्या नळीचे वीस थेंब धरायचे सोडून लहान मुलांच्या बारीक नळीचे साठ धरले. मॅडमनी वही वर धरली आणि वर्गाला म्हणाल्या, "या बाईंनी पेशंटला सलाईन नाही, नळ लावलाय." तो आकडा मी पुन्हा कधी विसरले नाही.

पुढे नोकरी लागली ती हायवेवरच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात, तीस खाटांच्या. तिथे कळलं की हे गणित महाराष्ट्रात फक्त परीक्षेपुरतं आहे. आमच्या इनचार्ज सिस्टर बावीस वर्षं नजरेनं सलाईन लावत होत्या. म्हातारा असो, बाळंतीण असो, नाहीतर पहेलवान, एकच हुकूम: "तीस सोड." मी घड्याळ डोळ्यांसमोर धरून मोजायला लागले की वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय बीएस्सी, झाले का मोजून? की सुटे राहिले?"

नातेवाइकांचं शास्त्र तर आणखी पुढचं. पांढऱ्या बाटलीत दम नसतो, व्हिटॅमिन टाकलेली पिवळी हवी. थेंब जोरात पडले की ताकद लवकर येते. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे, बाटली संपली की सुट्टी. हे त्यांना गावोगाव फिरणाऱ्या सायकलवाल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. ते आड्याला बाटली टांगून नळीवरचं चाक पूर्ण उघडायचे, कारण त्यांना पुढच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जायचं असायचं. दवाखान्यातही मग बसची वेळ झाली की कुणीतरी मामा, कुणीतरी जावई खाटेजवळ सरकायचा आणि अंगठ्यानं हळूच चाक फिरवायचा. आमचा वॉर्ड डॉक्टरांच्या नव्हे, एस.टी.च्या टाइमटेबलवर चालायचा.

त्यावर मी एक उपाय काढला. बाटलीवर उभी चिकटपट्टी लावायची आणि किती वाजता पाणी कुठवर उतरलेलं पाहिजे त्या खुणा पेनानं करायच्या. कुणी चाक फिरवलं की पट्टीवरून कळतं. इनचार्ज म्हणाल्या, "चिकटपट्टी सरकारची आहे, पोरी. बापाची नाही."

अशात एका सकाळी मोठेबाबा मोठ्या आईला घेऊन आले. दोन बस बदलून. जवळचे दवाखाने सोडून इथे, कारण "घरची पोट्टी आहे, लाइनीत कोन बसते?" जिची घाण काढायची नोकरी होती, तिची ओळख आता कामाला आली होती. मोठ्या आईला दोन दिवस जुलाब. पण पाय सुजलेले, जिना चढली की धाप लागायची. डॉक्टरांनी तपासून बजावलं, हृदय कमजोर आहे, पाणी द्यायचं पण अगदी हळू. एकच बाटली, पाचशे मिलिलिटर, आठ तासांत. मी हिशेब केला: मिनिटाला एकवीस थेंब. इनचार्ज म्हणाल्या, "तीस सोड." मी एकवीसच सोडले. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला संपणार. पट्टी लावली आणि मोठेबाबांना चाक दाखवून म्हटलं, "याला हात लावायचा नाही."

"मले शिकवतेस का?" ते म्हणाले.

एक वाजता अर्धी बाटली उरली होती, खुणेला खूण. चार्टवर तसं लिहून सही केली. दीड वाजता शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीकडे जावं लागलं. दोनला परतले तर मोठी आई खाटेवर उठून बसलेली, तोंड उघडं, श्वास घेताना छातीत घरघर. बाटली पाचच्या खुणेपाशी, म्हणजे रिकामी. मोठेबाबा पिशवी खांद्याला लावून तयार. अडीचची बस होती.

मी चाक बंद केलं, पाठीशी घडीची गादी लावली, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना हाक मारत धावले. त्यांनी अंगातलं पाणी लघवीवाटे उतरवणारं इंजेक्शन दिलं. अर्धा तास मी तिचा हात धरून श्वास मोजत होते. हे गणितही त्याच घड्याळावर चालतं. पेजेच्या दिवशी भात सरकवणारा तो हात बर्फासारखा गार पडला होता.

घरघर कमी झाली तसा वॉर्डला कंठ फुटला. मोठेबाबा डॉक्टरांना म्हणाले, "हिनंच जास्त सोडली असंल जी. नवीन आहे पोट्टी." इनचार्जनीही सूर धरला, "मी म्हटलं होतं सर, हिचं मोजणं काही खरं नाही."

मी बाटली काढून डॉक्टरांच्या हातात दिली, शेजारी चार्ट ठेवला. त्यांनी पट्टी वाचली, एक वाजताची सही पाहिली आणि विचारलं, "एकनंतर हात कुणी लावला?"

मोठ्या आईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"यायनं सोडली जी," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मी म्हनत होती, दम भरून राहिला, राहू द्या. तं म्हनतेत, गाडी चुकते." मग धाप टाकून पुढे, "तासभर भाषन ठोकतेत, तवा नाही चुकत गाडी."

अडीचची बस केव्हाच गेली होती. मोठेबाबा खांद्याची पिशवी न काढता बाकावर बसून राहिले. माफी त्यांनी मागितली नाही, आजवर मागितली नाही. उलट पुढच्या जयंतीला भाषणात सांगितलं की शिक्षण कसं असावं, तर आमच्या पोट्टीसारखं, थेंबाथेंबाचा हिशेब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठी आई पहिल्या रांगेत बसून पदराआड हसत होती.

इनचार्ज सिस्टरनी दुसऱ्या दिवशी कपाटातून चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्यापुढे टाकलं. "लाव तुझं ते," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

मोठी आई पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी बसस्टँडवर गेली. काही वर्षांनी सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांच्या जागी मी त्या वॉर्डची इनचार्ज झाले. तिथे आता पट्टी लावल्याशिवाय एकही बाटली टांगली जात नाही.