पाय टेकणारी खुर्ची

छापायला जाण्याआधी पुस्तकांतल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. ते घरूनच चाले, आणि जेवणाच्या टेबलाशी आठ-आठ तास बसून तिच्या कंबरेचे पार तीनतेरा वाजले होते. शेवटी खुर्ची घ्यायला ती सासूबाईंबरोबर दुकानात गेली. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. बसून काम करणं म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक.

विक्रेत्याने उंच पाठीची, भलीमोठी खुर्ची पुढे केली. ती बसली आणि खूश झाली. सासूबाईंनी मात्र वाकून खाली बघितलं. "अगं, पाय कुठे टेकतायत तुझे? ते अधांतरी राहिले की सगळा भार कंबरेवर येतो."

मग कोपऱ्यातली एक साधी, बुटकी खुर्ची निघाली. सासूबाईंनी तिला त्या खुर्चीवर चांगला अर्धा तास बसवून ठेवलं. विक्रेता जांभया देऊ लागला, पण कंबरेने हूं की चूं केलं नाही.

"आता तुम्ही बसून बघा," ती म्हणाली.

सासूबाई टेकल्या आणि हळूच मागे रेलल्या. "पाठीला आधार असला की असं वाटतं होय? मी सगळा जन्म स्टुलावर काढला गं."

तिने विक्रेत्याला दोन खुर्च्या द्यायला सांगितलं. "कशाला उगाच," सासूबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.