धाकू मिस्त्रीने घट्ट केलेला सांधा

धाकू रेवाळ्याचा हात आधी चालायचा आणि तोंड मग. रत्नागिरीत उतारूंच्या सर्व्हिस मोटारी नव्याने धावू लागल्या तेव्हा हरिश्चंद्र मयेकरांच्या मोटारस्टँडच्या आवारात हा देवरूखकडचा मिस्त्री कामाला होता, आणि त्याचा मार न खाल्लेला माणूस त्या आवारात शोधावा लागला असता. पाना उलटा दिला म्हणून त्याने क्लीनरच्या डोक्यात तोच पाना घातला होता. खुद्द मालकांनी एकदा चालू इंजिनात बोट घातलं, तर त्यांचं मनगट पिरगळलं. बोट वाचलं, मनगट मात्र बरेच दिवस सुजलेलं होतं. लोक म्हणत, धाकूचे हात सोन्याचे आहेत. मी त्याच आवारात तिकिटं फाडायचो; मी म्हणतो, सुरी सोन्याची असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

त्याचा धाकटा भाऊ सदू तिथेच ड्रायव्हर होता. देवरूखची मोटार तो चालवी. मोटार जुनी. पायाखालच्या अ‍ॅक्सिलेटरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे सांधे झिजून ढिले झाले होते. पाय अर्धा दाबला तरी इंजिनाला पत्ता नसे, आणि मग एकदम मोटार उसळे. सदूने यावर आपला उपाय काढला होता. पाय एका दणक्यात अर्ध्यावर न्यायचा आणि तिथून पुढे बेताने दाबायचा. वर त्याने सांध्यांना काथ्या गुंडाळला. शिमग्याच्या सुमारास धाकूने बॉनेट उघडलं, काथ्या पाहिला आणि भर स्टँडवर, उतारूंच्या देखत भावाच्या तोंडावर बुक्का मारला. पुढचे दोन दात पडले. सदूने ते उचलून खिशात घातले आणि त्या दिवसापासून भावाशी अबोला धरला.

अबोला धरायला आमच्याकडे मुहूर्त लागत नाही, सोडायला मात्र देवाचा कौल लागतो. एकाच आवारात काम, एकाच घरात जेवण, पण दोघांचं बोलणं सगळं धाकूची बायको जनी हिच्यामार्फत. ती दुपारी भाकरी घेऊन यायची. दोघे भाऊ पाठमोरे बसत. धाकू म्हणे, "त्याला सांग, मागच्या चाकात हवा कमी हाय." जनी मान वळवून सदूला तेच सांगे. सगळा स्टँड हसायचा. जनीही हसायची. खरं तर तिने दोघांच्या कानफटात द्यायला हवी होती, पण त्या घरात मारायचा हक्क एकट्या धाकूचा होता, आणि तिच्या पाठीवरही त्याच्या खुणा होत्या.

पावसाळा सरून बंदर उघडलं, मोटार रोज भरून जाऊ लागली, तेव्हा धाकूने त्या सांध्यांना हात घातला. लांबट झालेली भोकं गोल करून त्यांत पितळेच्या बुशी, म्हणजे आखूड नळ्या, ठोकल्या, नव्या पिना कानशीने घासून नेमक्या बसवल्या. काम असं झालं की पायाचं बोट हललं तरी इंजिन ओरडू लागलं. पण सदूच्या पायाला जुनीच सवय होती. त्याने पहिल्यासारखा दणका दिला तर माणूस मरेल, हे धाकूला कळत होतं. जनी आली की तिच्याकडून सांगू, असं त्याने ठरवलं.

त्या दिवशी आगबोट लवकर लागली. मालक ओरडत आले, बंदरावर उतारू खोळंबलेत म्हणाले. सदू येऊन स्टिअरिंगवर बसला. धाकू इंजिन फिरवायचं हँडल घेऊन त्याच्या समोरच उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण थोरल्या भावाने आधी का बोलायचं? त्याने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं आणि तो बाजूला झाला.

सदूने गिअर टाकला आणि सवयीने पाय अर्ध्यावर नेला. मोटार उसळली. फाटकातून जनी आत येत होती, डोक्यावर भाकरीची टोपली. ब्रेक लागेपर्यंत मोटारीने तिला फाटकालगतच्या दगडी कुंपणावर, गडग्याच्या चिऱ्यांवर चिरडलं होतं. रेडिएटर फुटला आणि पाणी लाल होऊन वाहू लागलं. ती ओरडलीसुद्धा नाही.

मोटार मागे ढकलली तशी जनी खाली कोसळली. लोकांनी सदूला ओढून काढलं आणि जो तो त्याला लाथांनी तुडवू लागला. एवढ्यात धाकू मोठा पाना घेऊन गर्दीत घुसला. सगळे दूर झाले. आता हा भावाचा मुडदा पाडणार, यात कोणालाच शंका नव्हती.

सदू सरपटत जनीपाशी गेला. भावाकडे त्याने पाहिलंच नाही. तिच्या पदराला हात लावून तो म्हणाला, "वयनी, दादाला सांग, मी मुद्दाम नाय केला."

धाकू जनीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. ती मान वळवून सांगेल याची तो खरोखरच वाट पाहत होता. मला ते बघवलं नाही. मग त्याने पाना टाकला आणि भावासमोर बसकण मारली.

"सांदा मी घट केला, सदू," तो म्हणाला. "तुला सांगितला नाय."