रुंद टायर बसणार म्हणजे बसणार!

गॅरेजात किस्से काळ्या ऑइलसारखे सांडतात. फडका मारायला जा, अजून पसरतात! साकीनाक्याच्या आमच्या गॅरेजात एवढे सांडलेत, की काय सांगू. पण त्या लाल गाडीचे पहिले. ते ऐका, मग जेवा.

गॅरेज वसंताचं. वसंता मालवणकडचा, बाप गिरणीत, हा आधी मुलुंडच्या कंपनीत मशीनवर. नोकरी सोडून गॅरेज टाकलेलं. मी त्याचा डेंटर. पत्रा ठोकायचो आणि वसंताची खेचायचो. दोन्ही कामं एकदम मन लावून!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. गोरेगावच्या स्टुडिओतून एक मॅनेजर आला. बरोबर लाल, दोन दरवाज्यांची, छप्पर नसलेली फॉरेनची स्पोर्ट गाडी. बोलला, "डायरेक्टरला गाडी जमिनीला चिकटलेली पाहिजे. आणि टायर ट्रकसारखे रुंद. जमलं तर स्टुडिओच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडं."

"आणि नाय जमलं तर?" मी विचारलं.

वसंताच बोलला, "तर मी परत मुलुंडला मशीनवर. भाडं थकलंय, गॅरेज बंद." मग बॉनेटवर हात मारला. "पण टायर बसणार म्हणजे बसणार!"

आम्ही काय केलं, आधी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. मग कुर्ल्याच्या भंगारातून रुंद रिमा आणल्या, टायर चढवले. गाडी जॅकवर. चाक फिरवलं तर पंख्यासारखं गरगर! वसंताने पेढे मागवले. पेढा तोंडात, आणि जॅक सोडला.

खाट्! चारी मडगार्डं टायरांवर जाऊन बसली. चाक हलेना. पेढा गिळवेना.

मी बोललो, "वसंता, हवेत झकास चालते रे. सहार जवळच आहे, एअरपोर्टवाल्यांना विचारू काय?"

*

मडगार्डाच्या आत पत्र्याची धार असते. ती वर वळवली की टायरला जागा होते. त्यासाठी टायर आणि धार यांच्यामध्ये गोल लाकूड घालायचं आणि गाडी हळूहळू पुढं-मागं ढकलायची. लोखंडी पाइप घालून चालत नाय, रंग उडतो.

गोल लाकूड आणायचं कुठून? वसंताची खोली गॅरेजच्या मागंच. गेला, आणि शीलावहिनी पोळ्या करत होत्या त्यांच्या हातातून लाटणं घेऊन आला! मागितलं नाय, सांगितलं नाय.

तीन मडगार्डं अशी वळली, लोणी जणू. चौथ्याला कड्डकन आवाज. लाटण्याचे दोन तुकडे.

तेवढ्यात वहिनी दारात. हाताला पीठ. तुकडे बघितले, टायर बघितले, नवरा बघितला.

"झाले काय लाटून?"

"एक राहिलाय," वसंता मान खाली घालून.

"बरं. मग जेवायला हे टायरच वाढते. भाजीत बुडवून खा!"

वाढलं पण असतं हो! ताटात एक रबराचा तुकडा खरंच होता. तो कुणी ठेवला, मला काय माहीत!

*

चौथं मडगार्ड मी हातोडीने कसंबसं वळवलं. आता गाडी सरळ चालायला लागली. उजवीकडं पण वळायची. डावीकडं वळवली की टायर आत घासायचा आणि स्टिअरिंग अडकायचं.

वसंता बोलला, "ट्रायल तर घेऊ." निघालो. मरोळला चहा प्यायलो. पण परत येताना गॅरेजकडं वळायचं ते डावीकडं! मग काय, उजवी, परत उजवी, परत उजवी. पण गल्ल्या वाकड्या, फिरून फिरून त्याच नाक्यावर.

नाक्यावरचा हवालदार आम्हाला बघून बघून कंटाळला. हात दाखवून थांबवलं. "काय रे, रस्ता चुकलात?"

"नाय साहेब," वसंता बोलला, "डावीकडं जायचंय."

"मग जा की!"

"तेच तर जमत नाय!"

हवालदाराने गाडी बघितली, आम्हाला बघितलं. मी बोललो, "साहेब, फॉरेनची गाडी. तिकडं डावीकडं काय नसतं."

*

त्यावर इलाज, चाक थोडं बाहेर सरकवायचं. बाजूच्या लेथवर जाड चकत्या बनवल्या, चाकाच्या मागं घातल्या. गाडी डावीकडं वळली! वसंता लहान पोरासारखा नाचला. पण चकती जाड आणि बोल्ट आखूड. नट धरून धरून किती धरणार?

कुर्ला-अंधेरी रोडला मस्त चाललेलो. बघतो तर आमच्या बाजूने एक चाक पुढं गेलं. एकटंच. ऐटीत.

मी ओरडलो, "वसंता, बघ! कुणाचं तरी चाक चाललंय! आपल्याच मापाचं आहे रे, पकड, स्पेअरला होईल!"

वसंता बोलला, "बाळ्या, ते आपलंच..."

आणि धडाम! डावा कोपरा रस्त्यावर. चाक पुढं जाऊन एका रसवंतीच्या बाकड्याला टेकून उभं. आम्ही धापा टाकत पोचलो, तर रसवाला चाकाला विचारतो, "एकच ग्लास?"

त्याच दिवशी वसंताने लांब बोल्ट घातले आणि प्रत्येक नट स्वतः आवळला. मला हात लावू देईना.

*

रिकामी गाडी आता कुठंच घासत नव्हती. पण शूटिंगला माणसं बसणार. वजन टाकून बघायला पाहिजे. गल्लीत मासे विकायला वर्सोव्याची जनाआत्या यायची. अंगाने भरलेली, जिभेने त्याहून. वसंताने हात जोडले, "आत्या, जरा गाडीत बस ना."

"आरं, ही गारी हाय का टोपली? पाय कयं ठेवू?" असं करत बसली. मांडीवर पापलेटची पाटी. मागचा टायर चर्र बोलला.

वसंताचं तोंड उतरलं. "आत्या, वजनाने घासतंय गं."

"माजा वजन नाय जास्त. तुजी गारीच बारीक!"

"बरं, उतर आता."

"उतरू? बसवलास ना, आता अंधेरीच्या मार्केटला सोर. मगच उतरीन!"

सोडावं लागलं. वाटेत टायर चर्र करायचा, आत्या ओरडायची, "पापलेट घ्या, पापलेट!" तीन गिऱ्हाईकं गाडीतच झाली.

*

वसंताने मागची धार थोडी ठोकली, वाटलं भागलं. शूटिंगच्या आदल्या दिवशी स्टुडिओत ट्रायल. हीरो बसला, मागं दोन फायटर चढले. गाडी वळली आणि मागच्या टायरातून भसाभस धूर! मॅनेजर लाल झाला. "उद्या असं झालं तर गाडी एका गेटने बाहेर, तू दुसऱ्याने!" लांबवर डायरेक्टर खुर्चीत बसलेला. तो धुराकडंच बघत होता.

वसंता घरी गेलाच नाय. तिथंच गाडीखाली पडला. स्प्रिंगांच्या वेटोळ्यात रबराचे ठोकळे ठोकून बसवले, मडगार्डाची धार अजून वळवली. "बसणार म्हणजे बसणार," एवढंच बडबडत होता.

सकाळी तीच माणसं, तेच वळण. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आवाज नाय, धूर नाय. वसंताचे डोळे भरले हो!

डायरेक्टर उठला. "धूर कुठाय?"

"कसला धूर साहेब?"

"कालचा! काय दिसत होता! मला तोच पाहिजे. परत घाल."

मॅनेजर खुणा करतोय, हो बोल, हो बोल. वसंता ताठ उभा राहिला. "साहेब, आपल्याकडं धूर काढून मिळतो. घालून मिळत नाय."

गेलं गॅरेज, मी मनात बोललो. डायरेक्टरने हात झटकला, आम्ही लांब चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

इकडं डायरेक्टरच्या माणसांनी काय केलं, डब्यात जळता काथ्या भरला आणि मडगार्डाच्या आत तारेने बांधला. आम्हाला पत्ताच नाय.

कॅमेरा सुरू. गाडी सुटली. वळणावर पांढरा धूर!

वसंताच्या हातातला ग्लास पडला. धावत सुटला, सरळ कॅमेऱ्यासमोरून. दोन्ही हात वर, "कट! कट! थांबवा, घासतंय!" हीरोने कचकन ब्रेक मारला. वसंता मडगार्डात अर्धा आत.

डायरेक्टर भोंग्यातून ओरडला, "कट कोण बोललं?"

"मी बोललो!" आतून आवाज. मग वसंता बाहेर आला. हातात धुराचा डबा. डब्याकडं बघितलं. डबा खाली ठेवला. टायरवर तळहात दाबला, आणि डायरेक्टरला बोलवून त्याचा पण हात धरून टायरवर ठेवला.

"बघा साहेब. थंड आहे."

डायरेक्टरने हात तसाच ठेवला. मग मॅनेजरला बोलला, "सगळ्या गाड्या ह्यालाच दे. आणि शूटिंगच्या दिवशी ह्याला बांधून ठेव!"