चप्पल काढून

आमच्या नगरपालिकेत रस्त्यांच्या कामावर एक मुकादम होता. रामाकोन्याहून सायकलीने यायचा. मुरूम पसरून रोलर फिरला, की तो चपला काढून हातात घ्यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचा. मध्येच थांबून म्हणायचा, "इथं गिट्टी टोचून राहिली. पुन्हा फिरवा." इंजिनिअर हसायचे. त्याला फरक पडत नसे.

मी तेव्हा आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक होतो. देवीच्या देवळाचा रस्ता नवरात्राआधी व्हावा म्हणून बैठकीत भांडून ठराव मीच पास करून घेतला होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माझी सही हवी होती, आणि मला नागपूरची बस धरायची होती.

"भाऊ, एकदा चप्पल काढून चालून पाहा न," तो म्हणाला. "अर्ध्या रस्त्यावर अजून रोलर पाहिजे."

"दिसते तर चांगला," म्हणत मी उभ्या उभ्या सही केली. रोलर दुसऱ्या वॉर्डात गेला.

माझी बायको नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालत नाही. रोज पहाटे ती त्याच रस्त्याने देवीला जल चढवायला जायची. तिसऱ्या दिवसापासून लंगडू लागली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दसऱ्याला मुकादम सोनं द्यायला घरी आला. चपला बाहेर काढल्या, आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली. निघताना दारात थांबला.

"वहिनीचे पाय कसे हायेत आता?"