अक्काचा हिरवा चहा आणि भावजींची खोड

माझी थोरली बहीण अलमेलू आता एकाहत्तरची आहे. कुंभकोणमात आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये दहा पावलांची गल्ली. तिच्या स्वयंपाकघरात भांडं पडलं की कुठलं पडलं तेही मला ओट्यावर बसल्या बसल्या कळतं. तिच्याविषयी सांगायचं तर चार वाजताच्या कॉफीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण एकावन्न वर्षं तिचा दिवस त्याच खुंट्याला बांधलेला होता.

तिचे यजमान चंद्रमौळी, म्हणजे आमचे भावजी, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला होते. बियाण्याचा मूठभर नमुना पांढऱ्या थाळीत पसरायचा आणि त्यात परक्या जातीचा एखादा दाणा घुसलाय का ते बघून तो बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं माणसाने हेच केलं. हजारातले नऊशे नव्याण्णव दाणे चांगले आहेत हे त्यांच्या डोळ्यांना दिसतच नसे, दिसे तो एक. असा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसला आणि बायकोने कॉफी पुढे ठेवली, तर तो काय म्हणणार?

लग्नानंतर पहिल्याच दिवशी म्हणाले, "टम्लर तिरका ठेविलास." टम्लर म्हणजे कॉफीचा उभा पेला; तो ज्या पसरट वाटीत ठेवतात त्या दवऱ्याच्या बरोबर मधोमध तो नव्हता, एवढंच. अक्का आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "फेस डावीकडे जास्त आहे." पुन्हा रडली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज फेस उजवीकडे गेला." त्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही डावीकडे सरकून बसा." भावजी हसले, म्हणे खरंच थोडे सरकलेसुद्धा. तिथून संसार सुरू झाला असं मी धरतो. रोज चारला ती कॉफी आणी, ते एक खोड काढत, ती फटकन उत्तर देई, आणि त्या खोडीच्या टोकाला धरून तासभर बोलणं चाले. लेकाची शाळा, तांदळाचे भाव, कुणाच्या लग्नात सांबार कसं पातळ होतं, सगळं त्या तासात. उरलेला दिवस दोघं आपापल्या कामात मुकी.

आणि कॉफी तरी कशी! पितळी फिल्टरमध्ये ताजी पूड, वर उकळतं पाणी, थेंब थेंब उतरलेला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन. दूध एकदाच उकळलेलं. मग हात डोक्याच्या वर नेऊन टम्लरातून दवऱ्यात आणि दवऱ्यातून टम्लरात अशी ती ओतायला लागली की मध्ये पांढऱ्या-तपकिरी दोरीसारखी धार लोंबे. पहिलं डिकॉक्शन यजमानांना, दुसऱ्या पाण्याचं भावाला. मी इतकी वर्षं दुसरंच पीत आलो. माझी काही खोड नाही.

यंदा चित्रै महिन्याच्या उन्हात भावजींच्या छातीचे ठोके चुकायला लागले. स्वामीनाथ डॉक्टर म्हणाले, कॉफी बंद, घोटभरसुद्धा नाही. भावजी नियमाचे माणूस, त्याच दिवशी बंद. अक्काने स्वतःचीही बंद केली आणि फिल्टर चिंचेने घासून फळीवर पालथा घातला.

चार वाजता मग ताक येऊ लागलं. एके दिवशी जिऱ्याचं पाणी, एके दिवशी नाचणीची कांजी. भावजी निमूट पीत, "बरें आहे" म्हणत आणि उठून आत जात. पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सगळा मिळून पाच मिनिटांचा कारभार.

अकराव्या दिवशी अक्का गल्ली ओलांडून माझ्याकडे आली.

"व्यंकू, तुझे भावजी 'बरें आहे' म्हणतात."

"मग चांगलें झालें की, अक्का."

"काय चांगलें रे? लेकाचा शाळेत पहिला नंबर आला, तेव्हां 'अक्षर सुधार' म्हणणारा माणूस हा! काल मुद्दाम मिठाविना कांजी दिली. तरी बरें आहे! माणसाला कशांतच कांही राहिलें नाही कीं तो असें बोलतो." पदराने तोंड पुसून म्हणाली, "मला ते ओट्यावर परत पाहिजेत. भांडूं देत मेले, पण बसूं देत."

(पिढ्यानपिढ्या इकडे दक्षिणेत राहिलेल्या आम्हां मराठी माणसांची ही बोली ऐकून पुण्याकडचे एक पाहुणे म्हणाले होते, तुमचं बोलणं ऐकून जुन्या बखरीतलं कुणी उठून आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, आलो तर आलो, बसा, कॉफी घ्या.)

तर अक्काची नात कीर्ति, चेन्नईत नोकरी करते. तिला फोनवर हे कळलं आणि चार दिवसांत तिने कुरियरने एक छोटा डबा पाठवला. आत पूड, रंग असा की मला आधी मेंदीच वाटली. कीर्ति म्हणाली, हा चहा आहे, हिरवा, पानंच दळलेली. आम्ही गार दूध आणि बर्फ घालून पितो. डबा घेऊन मी स्वतः स्वामीनाथ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डब्यावरचं सगळं वाचलं आणि म्हणाले, "अर्धा चमचा, दिवसातून एकदा, चालेल. ठोके पुन्हा चुकले तर हेही बंद."

कृती सांगायला कीर्तिने फोन केला, तर अक्का म्हणाली, "चहाच ना गे? तुझ्या बापाला मी वाढविलें, आता पाणी उकळायला तूं शिकव मला!" आणि फोन ठेवला. मग फळीवरचा फिल्टर उतरवला. पंधरा-वीस दिवसांनी पितळ हातात आलं त्याचाच तिला केवढा आनंद. कॉफीच्या सवयीने चार चमचे पूड आत घातली, वरून चकती दाबून बसवली, खळखळ उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावून बसली.

अर्धा तास झाला, थेंब नाही. एक तास झाला, थेंब नाही. तिने फिल्टरला टपली मारली, मग चापट मारली, मग मला हाक मारली. मी झाकण काढून बघतो तर वर पाणी तसंच उभं, खाली भात लावायच्या वाफ्यातला चिखल. ती पूड म्हणजे कॉफी नव्हे, पिठासारखी बारीक. फिल्टरची भोकं लिंपल्यासारखी बंद झाली होती. चार वाजत आले होते. अक्काने त्यातला चमचाभर चिखल गरम दुधात कालवला आणि नेऊन ठेवला. मी आत उरलेला थेंब चाखला. कुंडाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ कुणी कडुलिंबाबरोबर वाटावं, तशी चव.

भावजींनी सगळा टम्लर संपवला. म्हणाले, "बरें आहे." आणि आत गेले.

त्या दिवशी अक्का जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच कीर्तिला फोन लावला, चेहरा दिसणारा, आणि तो डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. फिल्टरची हकीकत ऐकून पोरगी एवढी हसली की पडद्यावर नुसतं छतच दिसायला लागलं.

"आजी, फिल्टर नको! ह्यात गाळून टाकायचें कांही नाही. पूड आहे तशी पोटांत जाते. आणि पाणी उकळतें नको, कडू होतें. बोट सोसेल एवढेंच गरम."

"मग वर फेस कसा येईल गे?"

"आम्ही बांबूच्या कुंचल्याने घुसळतो."

"कुंचला भिंतीला," अक्का म्हणाली आणि ताकाची धाकटी रवी काढून धुतली.

आता सगळं नीट होणार असं वाटलं, तर गुठळ्या. कितीही घुसळा, वर हिरव्या गुठळ्या तरंगतातच. पूड वस्त्रगाळ केली, तरी चार-दोन राहिल्याच. भावजींच्या डोळ्याला तर तेवढंच दिसणार! आणि इथे माझं शिक्षण कामाला आलं. सांगतो.

आम्ही दोघं बहीणभाऊ तिरुक्करुगावूरच्या गावठी शाळेत शिकलो. तिथे शाई पुडीची करावी लागे. पहिल्या दिवशी मी पूड घेतली आणि वर दौतभर पाणी ओतलं. गुठळ्याच गुठळ्या, वहीत अक्षरापेक्षा डाग मोठे. गुरुजींनी माझा कान धरला, तसाच धरून दौतीपाशी नेलं आणि म्हणाले, आधी चार थेंब पाणी. लगदा कर. लगदा चकाकला की मग बाकीचं पाणी. तो कान मला त्या दिवशी साठ वर्षांनी पुन्हा दुखला.

"अक्का, शाई!" मी ओरडलो.

तिला क्षणात कळलं. तीही त्याच शाळेतली. चार थेंब कोमट पाणी, पुडीचा लगदा, तो चकाकेपर्यंत बोटाने घोटला, मग थोडं थोडं पाणी आणि रवी. वर बारीक हिरवा फेस आला. गुठळी औषधालाही नाही.

तरी दोन दिवस प्रयोग चाललेच, आणि चाखायला मी. एकदा बर्फाला हिंगाचा वास आला, कारण बर्फाचा साचा वर्षभर हिंगाच्या डबीशेजारी पडलेला. एकदा तिने सवयीने दूध तापवूनच ओतलं आणि बर्फ बिचारा दिसता दिसता गेला. साखर विरघळेना, म्हणून पनंगळाचा, म्हणजे ताडगुळाचा, पातळ पाक केला. तो जमला. शेवटी गार दूध तिने हात डोक्यावर नेऊन कॉफीसारखंच या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं, सात वेळा. कीर्ति फोनमधून बघत होती. "आजी, असा फेस आमच्या मशीनलाही येत नाही," म्हणाली. "मशीनला हात कुठे आहेत?" अक्का म्हणाली.

शुक्रवारी चार वाजता टम्लर ओट्यावर आला, या खेपेला काचेचा. तळाला पाक, त्यावर बर्फ, मग पांढरं दूध आणि वर हिरवा थर हळूहळू खाली उतरत होता. मी समोर माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलो. उलटं धरलंय हे नंतर बायकोने सांगितलं.

भावजी आले, बसले. टम्लर उचलून उजेडात धरला. नमुन्याची थाळी धरीत तसाच.

"हें काय?"

"चहा. कीर्तिचा."

"बारा दिवसांच्या रोपाचा रंग आहे."

एक घोट घेतला. दुसरा घेतला. टम्लर खाली ठेवला. अक्का खांबाला धरून उभी.  आता तो माणूस "बरें आहे" म्हणाला, तर हिला कसं सावरायचं, हा माझ्यापुढे प्रश्न.

"अलमेलू."

"अहो, काय?"

"बर्फ फार घातलास. दांत शिवशिवले."

अक्का खांबाला पाठ टेकून हळूच खाली बसली.

"पाक तळाशींच राहिला, ढवळायला कांही दिलें नाहीस. आणि हा वरचा फेस पाहा, डावीकडे जास्त आहे."

"तुमचे दांत राहिलेत किती शिवशिवायला?" अक्का म्हणाली. तिने बोटांवर मोजले. "तीन वरचे, पांच खालचे. आणि डावीकडे फेस जास्त, तर उजवीकडे डोळा कमी! मोतीबिंदू काढायला चला म्हणतें तर..."

"मोतीबिंदूचें नांव काढूं नको. त्या सांबंदमूर्तीचा काढला, त्याला आता बायको जास्त स्पष्ट दिसते."

"मग उद्यांच काढूं."

पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. दोघं ओट्यावरच. भावजी हात हलवून काहीतरी समजावत होते, अक्का त्यांचं खोडून काढत होती. मध्येच माझ्याकडे वळून तिने पदराआडून बोटं दाखवली. तीन. एका टम्लरात तीन खोडी!

मलाही नंतर एक टम्लर मिळाला. पाणी घालून वाढवलेला, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी मी पेपर सुलटा धरून बसलो होतो. अक्का टम्लर घेऊन बाहेर आली. बर्फ दोनच तुकडे, शेजारी चमचा, फेस चारी बाजूंनी अगदी सारखा. काही म्हणजे काही बोट ठेवायला जागा नाही. ती टम्लराकडे बघत क्षणभर उभी राहिली. आत भावजींच्या चपला वाजल्या. तशी ती वाकली आणि एका बोटाने टम्लर दवऱ्यात जरासा तिरका सरकवून ठेवला.